रक्ताची साक्ष आणि चित्ताचा अभ्यास

तथागत बुद्धांच्या धम्मात चित्ताला अग्रस्थान आहे. कुशल आणि अकुशल यांचे मूळ चित्तात शोधावे व चित्तालाच वळण लावावे, ही शिकवण आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु चित्ताच्या या प्रांतात आता एक उपकरण आले आहे आणि त्याविषयी उपासक-उपासिकांच्या मनात कुतूहल उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. कपाळाला एक पट्टी बांधावी किंवा डोक्यावर टोपी घालावी, तिच्यातून डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश डोक्यात जावा आणि मेंदूच्या कार्याचा आलेख समोरच्या पडद्यावर उमटावा, असे त्याचे स्वरूप आहे. एवढ्यावरच हे थांबत नाही. तो आलेख पाहत पाहत माणसाने आपल्या मेंदूचे कार्य इच्छेनुसार वाढवावे वा कमी करावे, असेही प्रयोग चालू आहेत. या तंत्राला संशोधक ‘एफनिर्स’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. आपण त्याला निकट-अवरक्त प्रकाशाने केलेले मेंदूचे निरीक्षण म्हणू.

हे उपकरण नेमके काय पाहते, काय पाहत नाही, आणि त्याच्या आधारे कोणाविषयी कोणता निष्कर्ष काढला जातो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. शेवटचा प्रश्न आपल्या समाजाच्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याचा आहे. ज्यांची डोकी व नाके मोजून त्यांची योग्यता ठरविण्याचा उद्योग एकदा होऊन गेला, त्यांनी डोके मोजणाऱ्या कोणत्याही नव्या यंत्राकडे डोळसपणे पाहिले पाहिजे.

अंधाऱ्या खोलीत विजेरीवर तळहात ठेवला की बोटे तांबडी दिसू लागतात, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी खेळला आहे. विजेरीचा प्रकाश पांढरा असतो. त्यातील निळा व हिरवा भाग हातातील रक्त शोषून घेते, आणि तांबडा तेवढा पार येतो. तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांची शक्ती संपते, तेथे निकट-अवरक्त प्रकाशाचा पट्टा सुरू होतो. सुमारे 650 ते 950 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मांस, कातडी आणि हाड यांतून बराच आत शिरतो. त्याच्या अलीकडचा प्रकाश रक्तात अडतो, पलीकडचा पाण्यात अडतो. मधली ही एक खिडकी शरीराने जणू उघडी ठेवली आहे.

या खिडकीचा उपयोग मेंदूसाठी होऊ शकेल, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी दाखवून दिले. जेवणातील मांसाचे एक पातळ हाड उजेडासमोर धरले असता तांबडा प्रकाश त्यातून पार येताना दिसला, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. हाडातून प्रकाश जात असेल तर कवटीतून का जाणार नाही, हा त्यांचा प्रश्न होता. 1977 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि कवटी न उघडता मेंदूतील प्राणवायूची स्थिती पाहता येते, हे जगाला कळले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेव्हिड डेल्पी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात अर्भकांच्या मेंदूला प्राणवायू पुरेसा मिळतो की नाही हे पाहण्यासाठी या प्रकाशाचा उपयोग केला. माणूस विचार करीत असताना मेंदूत होणारा बदल या प्रकाशाने टिपल्याचे पहिले निबंध 1993 मध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणांहून आले. त्यांत फिलाडेल्फियाचे ब्रिटन चान्स होते, जर्मनीतील व जपानमधील संशोधकही होते. (हे चान्स मोठे विलक्षण गृहस्थ; 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी नौकानयनाचे सुवर्णपदकही मिळविले होते.)

आता यंत्राची रीत पाहू. मेंदूचा जो भाग कामाला लागतो त्याला अधिक रक्त पुरविले जाते. तेही गरजेपेक्षा काहीसे जास्तच. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू घेऊन जाते. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू देऊन रिकामे झालेले हिमोग्लोबिन यांचा रंग निराळा असतो. धमनीचे रक्त लालभडक आणि शिरेचे काळपट दिसते ते यामुळेच. सुमारे 760 नॅनोमीटरचा प्रकाश रिकामे हिमोग्लोबिन अधिक शोषते, तर 850 च्या आसपासचा प्रकाश भरलेले हिमोग्लोबिन अधिक शोषते. म्हणून दोन्ही रंगांचा प्रकाश डोक्यावर टाकावयाचा आणि दोन्हींपैकी किती परत येतो हे पाहावयाचे. प्रकाश टाकणारा दिवा व तो टिपणारा शोधक यांत सुमारे तीन सेंटिमीटर अंतर ठेवतात. आत गेलेला प्रकाश सरळ जात नाही. तो असंख्य वेळा विखुरतो, आणि त्याचा अत्यल्प अंश केळ्याच्या आकाराचा वळसा घेऊन शोधकापर्यंत पोहोचतो. या वळशाचा खालचा भाग मेंदूच्या बाह्यपटलाला स्पर्श करून येतो. मेंदूच्या गाभ्यात, जेथे भय, भूक व स्मृती यांची महत्त्वाची केंद्रे आहेत, तेथवर तो जात नाही.

म्हणजे हे यंत्र विचार पाहत नाही. मज्जापेशींचे स्फुरणही ते पाहत नाही. ते रक्त पाहते, आणि तेही उशिरा. कारण पेशी कामाला लागल्यानंतर रक्ताचा ओघ शिगेला पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात. स्वयंपाकघरातून धूर निघाला यावरून चूल पेटली असे अनुमान करावे, त्या जातीचे हे ज्ञान आहे. अनुमान हे प्रमाण आहे, परंतु धूर दुसऱ्याच्या घरातून येत नाही ना, हे आधी पाहावे लागते.

दुर्दैवाने येथे धूर दुसऱ्या घरातून येतो. मेंदूपर्यंत जाताना आणि परतताना प्रकाश दोन वेळा कातडीतून जातो. कपाळाच्या कातडीतही रक्त असते, आणि माणूस अवघड प्रश्न सोडवू लागला, बोलू लागला, लाजला किंवा घाबरला की तेही वाढते. जपानमधील संशोधकांनी 2011 मध्ये एक साधा पण मर्मभेदक प्रयोग प्रसिद्ध केला. एखाद्या अक्षराने सुरू होणारे शब्द भराभर सांगावयाचे, ही या क्षेत्रातील नेहमीची चाचणी आहे. त्या वेळी कपाळावर जी नोंद मिळते तिचा मोठा भाग मेंदूचा नसून कातडीतील रक्ताचा असतो, असे त्यांना आढळले. त्याच देशात 2009 पासून हीच चाचणी नैराश्य व अन्य मनोविकार यांत भेद करण्यास साहाय्यभूत म्हणून शासनमान्य झाली होती, आणि 2014 मध्ये ती आरोग्यविम्यातही आली, हे लक्षात घेतले म्हणजे या आक्षेपाचे गांभीर्य कळते. आता काळजीपूर्वक काम करणारे संशोधक दिव्यापासून सुमारे आठ मिलिमीटरवर एक जास्तीचा शोधक बसवितात. तो केवळ कातडीचे रक्त पाहतो. त्याची नोंद मुख्य नोंदीतून वजा करतात. ज्या यंत्रात अशी सोय नाही, त्याच्या आकड्याला मेंदूचा आकडा म्हणणे कठीण आहे.

एवढ्या मर्यादा असूनही हे तंत्र मोलाचे का ठरले? चुंबकीय यंत्राच्या बोगद्यात माणसाला निश्चल पडून राहावे लागते, आवाज प्रचंड असतो, आणि ते यंत्र मोठ्या रुग्णालयाबाहेर जात नाही. दिव्यांची टोपी मात्र आईच्या मांडीवर बसलेल्या बालकाच्या डोक्यावरही घालता येते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अवघ्या काही दिवसांच्या अर्भकांना मानवी बोलणे सरळ ऐकविले आणि तेच उलटे फिरवूनही ऐकविले. सरळ बोलण्याला त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूने अधिक प्रतिसाद दिला. अर्भकाला भाषा कळत नाही, तरी भाषेचा कल त्याच्या ठायी आहे, हे त्या दिव्यांनी दाखविले. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशातील केनेबा या खेड्यातही ही टोपी गेली, आणि तेथील बालकांविषयीचा पहिला निबंध 2014 मध्ये आला.

आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत विचारणीय काम उत्तर प्रदेशातील रायबरेली जिल्ह्यात, शिवगढ येथे झाले. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे जॉन स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह तेथे चार महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांचा अभ्यास केला. निबंध 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलासमोर दोन पडदे ठेवावयाचे. दोन्हींवर रंगीत चौकोन उघडझाप करतात, परंतु एका पडद्यावर दर वेळी एका चौकोनाचा रंग बदलतो. ज्या मुलाला आधीचे रंग क्षणभर लक्षात राहतात, ते बदलत्या पडद्याकडे अधिक पाहते. मूल पाहत असताना टोपी त्याच्या मेंदूतील रक्ताची नोंद करते. ज्या घरांत उत्पन्न कमी आणि आईचे शिक्षण कमी होते, तेथील मुलांच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागातील प्रतिसाद क्षीण आढळला, आणि लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूस सारण्याची त्यांची शक्तीही कमी दिसली.

या निष्कर्षाचे वाचन दोन प्रकारे होऊ शकते, आणि कोणते वाचन रूढ होते यावर पुष्कळ अवलंबून आहे. पहिले वाचन असे की, गरिबांच्या मुलांचा मेंदूच मुळात कमी. हे वाचन आपल्याला परिचित आहे; केवळ त्याची परिभाषा बदलली आहे. ब्रिटिश अमदानीत हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढले आणि त्यावरून जातींची उतरंड वंशावर आधारलेली असल्याचा सिद्धांत मांडला. 1901 च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. म्हणजे त्या मोजपट्टीमागे राज्यसत्ता उभी होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मापनापासून तोंड फिरविले नाही. ‘द अनटचेबल्स’ या 1948 च्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचे तेच आकडे, डॉ. घुर्ये यांनी वापरलेले, हाती घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही, उलट विरुद्धच सिद्ध होते, असे दाखवून दिले. आकडा टाकून देऊ नये, तो नीट वाचावा, हा धडा त्या प्रकरणात आहे.

दुसरे वाचन निबंधातच आहे. ज्या दोन गोष्टींशी मेंदूच्या प्रतिसादाचा संबंध आढळला त्या गोष्टी म्हणजे घराचे उत्पन्न आणि आईचे शिक्षण. या दोन्ही गोष्टी जन्माने चिकटलेल्या नाहीत. त्या समाज देतो व समाजच नाकारतो. या जन्मीचे दारिद्र्य पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होय, ही कल्पना बाबासाहेबांनी का नाकारली याचे कारण येथे हाताला लागते. ती कल्पना खरी मानली तर त्या दिव्यांच्या टोपीखाली बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा क्षीण प्रतिसाद त्याचाच अपराध ठरतो, आणि समाज निर्दोष सुटतो. कार्यकारणभाव मानणाऱ्याने कारण याच जन्मात, याच घरात, याच गावात शोधावे. अर्थात संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. उपासमार, आजार, आईवरील कामाचा भार यांपैकी कशाचा किती वाटा, हे अशा एका अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. आणि गटाच्या सरासरीवरून एखाद्या मुलाच्या कपाळावर ‘मंद’ अशी चिठ्ठी चिकटविण्याचा अधिकार तर कोणालाच मिळत नाही.

दुसरी एक बाब याहून कमी चर्चिली जाते, परंतु ती यंत्राच्या अंतरंगातलीच आहे. कातडीला काळेपणा देणारे मेलॅनिन हे द्रव्यही प्रकाश शोषते, आणि काळे, दाट, कुरळे केस दिव्यांच्या व शोधकांच्या आड येतात. त्यामुळे गडद वर्णाच्या माणसाच्या डोक्यातून परतणारा प्रकाश मुळातच थोडा असतो, आणि नोंद अस्पष्ट येते. अशा वेळी संशोधक काय करतात? ‘नोंद अपुरी’ म्हणून त्या व्यक्तीला अभ्यासातून वगळतात. यात द्वेष असतोच असे नाही. सोयीसाठी केलेले हे वगळणे आहे. परिणाम मात्र असा होतो की, ‘मानवी मेंदू’ या नावाखाली गोऱ्या कातडीच्या आणि पातळ केसांच्या माणसांचा मेंदू अभ्यासला जातो. 2022 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात मेंदूसंशोधनाच्या पद्धतींतील या वर्णविषयक पक्षपातावर स्वतंत्र लेखच आला. गांबियातील काम या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अर्भकांचे केस विरळ आणि कवटी पातळ असते हे खरे. तथापि तेथील बालकांच्या डोक्यावरून वापरण्याजोगी नोंद मिळाली. गैरसोय म्हणजे अशक्यता नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

हा प्रश्न दूरचा वाटत असेल तर बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आठवावा. त्याचे तत्त्वही हेच: दोन रंगांचा प्रकाश आणि दोन प्रकारचे हिमोग्लोबिन. नाडीच्या ठोक्यावरून प्राणवायू मोजण्याची ती युक्ती जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास शोधून काढली. 2020 च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा आशा कार्यकर्त्या व स्वयंसेवक हे छोटे यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ऑक्सिमीटरने 92 ते 96 टक्के, म्हणजे फारशी चिंता नसलेला आकडा दाखविला असताना धमनीतील रक्त प्रत्यक्ष तपासले, तर कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के नोंदींत प्राणवायू 88 टक्क्यांच्याही खाली होता. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण 3.6 टक्के होते. यंत्र काळ्या माणसाला ‘तू बरा आहेस’ असे सांगत होते, आणि तो बरा नव्हता. बोटाच्या टोकाशी ही स्थिती असेल तर केस, कातडी व कवटी यांच्या आडच्या मेंदूविषयी किती सावधगिरी हवी, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता प्रशिक्षणाकडे वळू. येथे प्रकाशाने मेंदूवर काही उपचार होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. (मेंदूवर असाच प्रकाश टाकून उपचार केल्याचा दावा करणारी दुसरी एक शाखा आहे, तिचा येथे संबंध नाही.) येथे प्रकाश आरशाचे काम करतो. माणसाला स्वतःच्या मेंदूतील रक्ताचा ओघ एरवी जाणवत नाही. तो पडद्यावर एखाद्या चढत्या-उतरत्या स्तंभाच्या रूपाने दाखविला, तर मनाचा कोणता व्यापार केल्याने स्तंभ चढतो हे माणूस अनुभवाने शिकतो. याला ‘न्यूरोफीडबॅक’, म्हणजे मेंदूचे प्रत्याभरण, असे म्हणतात.

या पद्धतीचा सर्वांत गंभीर उपयोग अर्धांगवायूच्या रुग्णांत झाला आहे. हात लुळा पडला असला तरी तो हलवीत असल्याची कल्पना मनात करता येते आणि त्या कल्पनेने मेंदूचा हालचालींशी संबंधित भाग काही प्रमाणात जागा होतो. जपानचे मासाहितो मिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 20 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सर्व रुग्ण हाताच्या हालचालीची कल्पना करीत होते आणि सर्वांसमोर पडद्यावर आलेख होता. परंतु निम्म्यांना स्वतःच्या मेंदूचा खरा आलेख दिसत होता, तर उरलेल्यांना लटका, त्यांच्या मेंदूशी संबंध नसलेला. ज्यांना खरा आलेख दिसला त्यांच्या बोटांच्या हालचालीत अधिक सुधारणा झाली. 2021 मध्ये याच गटाने 54 रुग्णांवर चालणे व तोल सावरणे यांबाबत असाच प्रयोग केला आणि तेथेही खऱ्या आलेखाच्या बाजूने कौल मिळाला.

या लटक्या आलेखापाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. रुग्णाला यंत्राच्या टोपीचे अप्रूप असते. डॉक्टर रोज येऊन त्याच्याशी बोलतात, त्याची आशा जागी होते. या सर्वांनीही माणूस सुधारतो. म्हणून ‘प्रशिक्षण दिले आणि सुधारणा झाली’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही गटांना तीच टोपी, तेवढाच वेळ, तीच माया मिळावी, आणि फरक केवळ आलेखाच्या खरेपणाचा असावा. त्यानंतर जो फरक उरेल तेवढाच प्रशिक्षणाचा. केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी सांगितले होते की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून पाहावे. पारखण्याची एक काटेकोर रीत म्हणून या लटक्या आलेखाकडे पाहता येईल. 2020 मध्ये या क्षेत्रातील 22 अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. माणसे आपल्या मेंदूतील रक्ताचा प्रतिसाद बदलावयास शिकू शकतात, याची आशादायक चिन्हे छाननी करणाऱ्यांना दिसली. परंतु पुष्कळ अभ्यास लहान होते, अनेकांत तुलनेची व्यवस्था अपुरी होती, आणि स्तंभ चढविता आला म्हणजे जीवनात काही बदलले, असा पुरावा थोड्याच ठिकाणी होता.

पारख सुटली म्हणजे काय होते याचे एक करुण उदाहरण याच तंत्राच्या इतिहासात आहे. मज्जातंतूंच्या एका दुर्धर रोगात शरीराचे सर्व स्नायू हळूहळू निकामी होतात. शेवटी डोळाही हलविता येत नाही. माणूस आत जागा असतो, परंतु बाहेर येण्याचा एकही मार्ग उरत नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाशी संबंधित एका गटाने 2017 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात लिहिले की, अशा चार रुग्णांना हो-नाही स्वरूपाचे प्रश्न विचारले असता दिव्यांच्या टोपीतून त्यांची उत्तरे सुमारे 70 टक्के अचूक वाचता आली. जगभर ही वार्ता झळकली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. आई, तू सुखी आहेस का, असे विचारता येईल आणि उत्तर येईल!

त्याच विद्यापीठातील मार्टिन स्प्यूलर या संगणकतज्ज्ञाने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दावा टिकेना. जर्मन संशोधन प्रतिष्ठानाने चौकशी केली आणि 2019 मध्ये वैज्ञानिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला. नोंदी व चित्रफिती अपूर्ण होत्या, असे चौकशीत निघाले. त्याच वर्षी नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. मुख्य संशोधकांनी हा ठपका मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आपण त्या घराचा विचार करू. टोपीने ‘हो’ म्हटले ते आईने म्हटले होते की आकड्यांच्या गोंधळाने, हे ज्यांना कधीच कळणार नाही, त्यांच्याशी करुणेच्या नावाखाली काय झाले? करुणेला प्रज्ञेची जोड का हवी, याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. आपल्याहून श्रेष्ठ पदावरील व्यक्तीचे आकडे पुन्हा मोजून पाहणाऱ्या त्या संगणकतज्ज्ञाचे धैर्यही नोंद घेण्याजोगे आहे.

राहता राहिला ध्यानाचा प्रश्न. ध्यान करणाऱ्यांच्या कपाळावर दिवे लावून नोंदी घेतल्या जात आहेत, आणि ध्यान ‘सिद्ध’ झाल्याच्या वार्ता त्यांतून उठतात. आनापानसतीचा अभ्यास केलेल्यांना एक गोष्ट चटकन समजेल. श्वास मंद झाला वा थोडा रोखला गेला की रक्तातील कर्बवायू वाढतो, आणि त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. हा शुद्ध शारीरिक परिणाम आहे. त्याला सती लागत नाही, समाधी लागत नाही. तेव्हा साधकाच्या कपाळावर रक्ताचा ओघ वाढलेला दिसला, तर तो एकाग्र चित्ताचा की मंदावलेल्या श्वासाचा, हे श्वास व कर्बवायू यांची वेगळी नोंद घेतल्याविना सांगता येत नाही. शिवाय चित्त वश झाले याची धम्मातील कसोटी निराळीच आहे. राग आला असता हात आवरला गेला का, लोभ सुटला का, दुसऱ्याचे दुःख दिसले का, या प्रश्नांची उत्तरे कपाळातील रक्तात नसून माणसाच्या वर्तनात असतात. जे बुद्धीला व तर्काला धरून नाही, किंवा ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धाचे म्हणून स्वीकारू नये, अशी कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सांगितली आहे. ती पडद्यावरील स्तंभालाही लावता येते.

एखाद्या शिबिरात अशी पट्टी कोणी घेऊन आला, तर त्याला हाकलून देण्याचे कारण नाही. ‘एहिपस्सिको’ म्हणणाऱ्यांनी पाहण्यास का भ्यावे? त्याला विचारावे की कातडीचे रक्त वजा करणारा जवळचा शोधक यात आहे काय. गडद वर्णाच्या व दाट केसांच्या किती माणसांवर हे पारखले आहे. लटका आलेख दाखवून तुलना केली आहे काय. मग पट्टी बांधून घ्यावी आणि ध्यान मुळीच न करता प्रथम पंधरा सेकंद श्वास रोखून पाहावे. थोडी विश्रांती घेऊन, जमिनीवर पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकतो तसे डोके खाली करून पुन्हा पाहावे. प्रत्येक वेळी पडद्यावरचा स्तंभ कोठवर गेला, हे शेजारी बसलेल्या उपासकाने वहीत लिहून घ्यावे, आणि ध्यानाला बसल्यावर येणारा आकडा त्याच पानावर, त्यांच्याच खाली मांडावा.